इंटरवलच्या आधीचं गाणं

साल १९७३. मी सोळा वर्षांचा होतो, शाळा चौथीतच सुटली होती, आणि आम्ही टॉकीजच्या पडद्यामागं राहत होतो. खरोखरच पडद्यामागं. महाल वस्तीतून गांधीबागेकडं उतरताना डाव्या हाताला जी टॉकीज होती, तिच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या आणि पुढं एक पत्र्याचं छप्पर. छपराखाली भट्टी, खोल्यांत आम्ही तिघं: माझे वडील भाऊराव, माझी माय आणि मी. वडिलांकडं टॉकीजच्या कँटीनचा ठेका होता. टॉकीजचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की कोणाच्या तरी नातवाला राग येतो, आणि भांडायची हौस मला अजून असली तरी दम राहिला नाही.

आजकाल जुन्या टॉकीजच्या आठवणी काढायची साथच आली आहे. माझ्या चुलतभावाचा मुलगा मोबाईलवरून मला वाचून दाखवतो. कोणी लिहितं, काय ते दिवस होते. कोणी लिहितं, त्या लाकडी खुर्च्या, ती बाल्कनी, डोळे भरून आले. मला त्यांना विचारावंसं वाटतं, बाबांनो, त्या खुर्च्यांतले ढेकूण विसरलात का? टॉकीज पाडली तेव्हा तुमच्यातला एकही तिथं उभा नव्हता. मी होतो. आता तिथं साड्यांचं तीन मजली दुकान आहे, आणि माझी भट्टी होती तिथं गाड्या लावतात. मला रडूबिडू येत नाही. मला राग येतो. आणि गेल्या उन्हाळ्यात तर याच पुतण्यानं एका लग्नाच्या पंगतीत चारचौघांसमोर सांगितलं, "काकाच्या तोंडापायी मोठ्या आजोबाची कँटीन गेली." लोक हसले. मी घास ताटात ठेवला आणि उठलो. कँटीन गेली हे खरं आहे. त्या सालच्या पोळ्याच्या सणानंतर भट्टी गेली, खोल्या गेल्या, वडिलांना इतवारीत पोह्याचा ठेला लावावा लागला. पण कशापायी गेली ते हा काय सांगणार, तेव्हा याचा बापही चड्डीत होता. म्हणून मीच लिहून ठेवतो. शुद्धलेखन नातीनं पाहिलं आहे. मजकुराला तिला हात लावू दिला नाही.

भिंतीच्या पलीकडं, पडद्याच्या पाठीला लागून मोठमोठे स्पीकर होते. त्यामुळं पिक्चर आमच्या घरात दिवसभर चालायचा, फक्त दिसायचा नाही. मारामारी लागली की फळीवरची भांडी वाजायची. कोणी मोठ्यानं हसलं की कंदिलाची काच थरथरायची. घरात घड्याळ नव्हतं आणि मायला त्याची गरजही नव्हती. हिरोची आई आजारी पडली की ती भात टाकायची, कोर्टात वकील बोलायला लागला की वरण उतरवायची, आणि आगगाडीची शिटी झाली की मला हाक मारायची, "चाल बापू, जेवून घे, आता पाच मिन्टात पब्लिक सुटते." तिनं त्या टॉकीजमध्ये फार पिक्चर पाहिले नाहीत, पण डायलॉग सगळे पाठ. भाकरी थापता थापता ती खानदानाच्या इज्जतीवर बोलायची, तेही हिंदीत. नवा पिक्चर लागला की मात्र घराची घडी विस्कटायची. शुक्रवारी आमच्याकडं भात हमखास करपायचा. माय चिडून वडिलांना म्हणायची, "अवो, याच्यातली सासू लवकर मरतच नाई. मी भात कवा टाकू?" वडील म्हणायचे, "दोन दिवस दम धर वं. बसन सारं बरोबर."

कँटीनमध्ये चिवडा होता, चहा होता, पण खरी चीज आमचा आलूबोंडा. त्यावर घालायची तर्री माय करायची. तिचं माहेर भिवापूरचं, मिरची तिथून पोत्यानं यायची आणि उन्हाळ्यात छपरावर वाळत घातली की मॅनेजरसाहेब शिंकत शिंकत शिव्या द्यायचे. सकाळी उठून आलू उकडायचे, गरम असतानाच सोलायचे, बोटं भाजली तरी थांबायचं नाही, कारण थंड आलू नीट कुस्करत नाही. मग लसूण, हिरवी मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि भुईमुगाच्या फल्लीच्या तेलात हिंगाची फोडणी. या वासात मी मोठा झालो. वडिलांची एकच जिद्द होती: इंटरवलला माणसाच्या हातात पडणारा बोंडा फुंकर घालून खावा लागला पाहिजे. आधी तळून ठेवलेला चालायचा नाही. आणि इंटरवल तो केवढा! घंटी वाजली की शेदीडशे माणूस एकदम काउंटरवर, आणि दुसरी घंटी वाजली की सारे आत. म्हणजे घंटी वाजायच्या वेळेलाच पहिले दोन घाणे कढईतून निघालेले पाहिजेत. घड्याळ लावून हे जमायचं नाही. कधी रीळ तुटायची, कधी लाईट जायची, कधी पब्लिक "वन्स मोअर" म्हणून बाकं बडवायची आणि ऑपरेटरला तेच गाणं परत लावावं लागायचं. इंटरवल कधी येईल ते फक्त पिक्चरलाच माहीत.

म्हणून आमच्याकडं "निशाणी" असायची. शुक्रवारच्या पहिल्या शोला मी आत बसायचो, पडद्याजवळच्या दाराशी, आणि इंटरवलच्या अगोदरचा असा एक आवाज शोधून काढायचो की तो ऐकून बोंडे तेलात सोडले तर घंटीला दोन घाणे तयार. आवाज भिंतीतून साफ आला पाहिजे, आणि पिक्चरमध्ये तो एकदाच असला पाहिजे. रडणं चालत नसे, हिरोइनी कुठंही रडतात. बंदुकीचा बार चालत नसे. काच फुटणं, घोड्याचं खिंकाळणं, एखादं गाणं, हे चांगलं. मी निशाणी दिली की वडील आणि माय दोघंही दोनदोन आठवडे तिच्यावर चालायचे. माझी निशाणी कधी चुकली नाही. लोक सर्टिफिकिटं काचेत लावतात, माझं हे होतं. त्याचा तोटा एवढाच की निशाणी झाली की मला भट्टीवर पळावं लागायचं, आणि पब्लिक आत जाऊन कपबश्या गोळा होईपर्यंत सुटका नसायची. तिथं लागलेला एकेक पिक्चर मी पाहिला, पण प्रत्येकाच्या मधोमध भोक. हिरो घोड्यावर असायचा, मी परत येऊन पाहतो तर तुरुंगात. कोणी टाकला, कशापायी टाकला, विचारायचं कोणाला? आता ते पिक्चर टीव्हीवर लागतात. सून म्हणते, बाबा, बघा आता निवांत पूर्ण. बघितले. एवढंसंच होतं ते, एक चिठ्ठी सापडते आणि पोलीस येतात. त्याच्यासाठी मी तडफडत होतो!

आता मॅनेजरसाहेब. पांढरे बूट, केसांना तेल, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. वाईट माणूस म्हणावा असा नव्हता, फक्त सारं आपलं आहे असं त्याला वाटायचं. त्याचे पाहुणे आले की बोंड्यांच्या प्लेटा वरती जायच्या, आणि वडील म्हणायचे, "हाव साहेब." भट्टीचा धूर बाल्कनीत येतो म्हणून भर उन्हात भट्टी सरकवायला लावली, "हाव साहेब." मला त्या "हाव साहेब"चा इतका संताप यायचा की मी आलू सोलता सोलता चाकू लाकडात खुपसून ठेवायचो. वडील घरी दांडगे होते. कढईवर उभे राहिले की कोणाचं ऐकायचे नाहीत, मायचंही नाही. पण छपरातून बाहेर पडून पुढच्या व्हरांड्यात गेले की त्यांची मान आपोआप खाली व्हायची. हे मला तेव्हा समजलं नाही, आणि खोटं कशाला लिहू, आजही समजत नाही.

त्या पोळ्याला जो पिक्चर लागला होता त्याची निशाणी मी झुल्याचं गाणं दिली होती. गाण्याच्या सुरुवातीला घुंगरू, मग पाचसहा बायांचं हसणं, मग ढोलक. एवढं साफ की बहिऱ्यालाही कळावं. पब्लिक त्या गाण्यासाठीच येत होती. बाहेरच्या बॅनरवर पेंटरनं हिरोइन नाही रंगवली, झुलाच रंगवला होता, लाल घागरा आभाळात. गाणं लागलं की पडद्यावर चिल्लर पडायची आणि शिट्ट्यांनी आमचं छप्पर वाजायचं. पोळ्याची सुट्टी, दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, म्हणून मॅनेजरनं दोन्ही दिवस सकाळचा एक शो वाढवला. पोळ्याच्या दिवशी सकाळचा शो उशिरा सुरू झाला आणि उशिरा सुटला. बाराच्या शोची पब्लिक रस्त्यावर, सायकली आडव्या, टांगे अडकलेले, शिवीगाळ. मॅनेजर जिना चढून ऑपरेटरच्या खोलीत गेला ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ऑपरेटर म्हणजे अजीजचाचा. मायच्या तर्रीवर जीव, रोज एक वाटी वरती जायची. मला वाटलं, घाई कर म्हणायला गेला असेल.

बाराचा शो चालू झाला. वडिलांनी तेल तापवलं, बोंडे वळून परातीत मांडून ठेवले. मी झारा घेऊन उभा.

"आलं का बे?" वडील म्हणाले.

"नाई अजून. बापलेकाचं भांडण चालू हाये. त्याच्याबादच येते."

भांडण संपलं. दार आपटलं. मग घुंगरू यायला पाहिजे होते, ते आले नाहीत. कोणीतरी मोटार चालू केली. मोटार? मोटार तर गाण्याच्या नंतर होती. मी भिंतीकडं पाहतच राहिलो. माय हातात पळी घेऊन बाहेर आली. पोळ्याचं पुरण शिजवत होती, पळीवरून ते खाली गळत होतं.

"अवो, झुला आलाच नाई आज," ती म्हणाली, आणि घंटी वाजली.

पुढचं काय सांगू. पोळ्याची पब्लिक, नवे कपडे, सकाळपासून पोटात काही नाही, आणि काउंटरवर थंडगार चिवडा. कोणी काउंटरवर थापा मारतं आहे, कोणी ओरडतं आहे, "इंटरवल संपून राहिला अन् हा आता बोंडे सोडून राहिला!" वडिलांनी घाईघाईत पहिला घाणा काढला तो आतून कच्चा. एकानं बोंडा चावून परत परातीत टाकला. वडिलांचा चेहरा मी पाहिला, तोंडावर कोणी थुंकल्यासारखा. तेवढ्यात मॅनेजर आला. लोकांसमोर मोठ्यानं म्हणाला, "क्या भाऊराव, पोळ्याच्या दिवशी बैलांना आराम असतो, तुम्हाला नाही!" दोनचार जण खदखदून हसले.

वडिलांनी हात जोडले. "चुकी झाली साहेब. पोट्ट्यानं निशाणी चुकवली."

कोणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. मी झारा कढईत टाकला. म्हटलं, "निशाणी नाई चुकली. गाणंच नाई वाजलं. टाइम वाचवाले झुल्याचं गाणं कापलं यायनं!"

मग फेटेवाला एक म्हातारा म्हणाला, "हाव बे, गाणं कुठं गेलं? मी त्याच्यापायीच त पोराले घेऊन आलो." मग दुसरा, मग सगळेच. गाणं कापलं, गाणं कापलं. कोणी काउंटरवर चढलं. "गाणं दाखवा नाईतर पैसे वापस!"

मॅनेजरचा रंग उडाला, पण माणूस हुशार. हात वर करून म्हणाला, "किसने बोला कापला? गाना इंटरवल के बाद है, भाई! हा पोरगा येडा आहे." अजीजचाचा जिन्यात उभे होते. मी त्यांना म्हटलं, "चाचा, तुमी सांगा. तुमी सांगा न यायले." चाचांनी आधी मॅनेजरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "फिल्म जैसी आई वैसी चलाई, बेटा," आणि वर निघून गेले. सकाळची तर्रीची वाटी अजून त्यांच्या खोलीतच असेल.

आणि ऐका आता. दुसरी घंटी झाली, पब्लिक आत गेली, आणि इंटरवलनंतर खरंच गाणं वाजलं. चाचांनी कापलेला तुकडा जिथं हाताला आलं तिथं जोडून दिला. मी बाजूच्या दारातून आत जाऊन पाहिलं. पिक्चरमध्ये हिरोइनीचा बाप नुकताच वारला होता. पांढऱ्या साडीत ती त्याच्या पायाशी पडून रडत होती, आणि एकदम घुंगरू वाजले आणि बाई लाल घागऱ्यात झुल्यावर खिदळायला लागली. गाणं संपलं तशी परत पांढऱ्या साडीत बापाच्या पायाशी. मला वाटलं आता टॉकीज फोडतील. कसलं काय! शिट्ट्या, चिल्लर, वन्स मोअर. तो फेटेवाला म्हातारा पोराला खांद्यावर घेऊन नाचत होता. बाहेर पडताना त्यातलाच एक मला म्हणाला, "काय बे लबाडा, होतं ना गाणं!" मी त्याला समजावत रस्त्यापर्यंत गेलो. बाप मेल्यावर कोणी झुल्यावर बसते का? तो म्हणाला, पिक्चर हाये, काईही होते. इतक्या वर्षांत मला पुष्कळ मूर्ख भेटले, पण त्या दिवशी एकाच छताखाली जेवढे होते तेवढे पुन्हा कधी नाही.

तीनच्या शोला गाणं आधीही वाजलं नाही आणि नंतरही नाही. वडिलांनी मला न विचारता बापलेकाचं भांडण सुरू होताच बोंडे सोडले आणि घाणे बरोबर निघाले. तेव्हा मला कळलं की त्यांना सारं कळलं आहे. शो सुटल्यावर मॅनेजरनं निरोप धाडला: पोराला घेऊन या, साऱ्या स्टाफसमोर त्यानं म्हणायचं की मी खोटं बोललो, नाहीतर उद्यापासून कँटीन दुसऱ्याची. मी म्हटलं, मी येत नाही. वडिलांनी माझ्याकडं थोडा वेळ पाहिलं, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि एकटेच गेले. मी मागून गेलो, व्हरांड्याच्या खांबाआड थांबलो. बुकिंगवाला, तिन्ही गेटकीपर, अजीजचाचा, सगळे उभे. सगळ्यांना ठाऊक. वडील मधोमध जाऊन म्हणाले, "माहा पोट्टा खोटं बोलला साहेब. गाणं इंटरवलच्या बादच हाये." मॅनेजरनं त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "चलो, हो गया. कल भीड है, माल ज्यादा रखना." वडील म्हणाले, "हाव साहेब."

घरी पुरणपोळ्या झाल्या होत्या. भिंतीतून सहाच्या शोची जाहिरात चालू होती. मी ताटाला हात लावला नाही.

"तुमाले मालूम होतं, बाबा."

"मालूम हाये. साऱ्यायले मालूम हाये. म्हून काय भट्टी इझू देऊ?"

"म्या चुकवलं असतं त मी सोता जाऊन कबूल केलं असतं."

"तुले कोन काय म्हणून राहिलं? दोन दिवसात विसरतीन सारे."

"मी नाई विसरत."

माय तव्याजवळून म्हणाली, "अवो, पोराले लबाड ठरवून आले तुमी. आपल्याच तोंडानं." वडिलांनी पोळीवर तूप घेतलं, अर्धी पोळी खाल्ली, मग म्हणाले, "उद्या मारबतीची पब्लिक खेड्यापाड्यातून येते. दोन टोपले आलू जास्तीचे लागन. लवकर ऊठजो बे."

एवढंच. माझ्या नावाचं जे व्हायचं ते झालं, आणि यांच्या डोक्यात आलू. नातेवाईक म्हणतात, बापानं पोटासाठी मान तुकवली, तू समजून घ्यायला पाहिजे होतं. पन्नास वर्षं हेच ऐकतो आहे. वडिलांनी पुढच्या आयुष्यात मला त्यावरून एक शब्द बोलून दाखवला नाही, हेही लिहून ठेवतो. पण बोलणारे बोलतातच, आणि त्यांच्यातला एकही मला सांगू शकत नाही की त्या दिवशी खोटं कोण बोललं. तिथं आले की सगळे पाण्याचा ग्लास उचलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी हाक मारायच्या आधीच मी उठलो. आलू चुलीवर चढले होते, माय लसूण सोलत होती. मी अंघोळ केली, पोळ्याचा नवा शर्ट घातला. माय म्हणाली, "कुठी चालला बापू? आलू होत आले." मी म्हटलं, "आलोच." आणि गल्लीतून फिरून टॉकीजच्या पुढच्या बाजूला गेलो. बुकिंगची खिडकी उघडायची होती, पण रांग पार चौकापर्यंत गेली होती. रामटेककडचे, उमरेडकडचे, कोऱ्या टोप्या, पोरं कडेवर, हातात जेवणाची पुरचुंडी. बाया बॅनरवरच्या झुल्याकडं बोटं दाखवत होत्या. गेटवरच्या माणसानं मला पाहिलं आणि मान हलवून नको म्हणाला. मी रांगेच्या टोकाशी, खिडकीला चिकटून उभ्या असलेल्या पहिल्या माणसापाशी गेलो.

"भाऊ," म्हटलं, "तिकीट घ्याच्या आधी खिडकीवर इचारा, झुल्याचं गाणं हाये का. इंटरवलच्या आधी."

"काहून? नाई का?"

"तुमी इचारा त."

त्यानं मागच्याला सांगितलं. मी तेवढ्यावर थांबलो नाही. दुसऱ्यापाशी जाऊन मी स्वतः सांगितलं. मग तिसऱ्यापाशी.